मेजरांचे बूट माझ्या दारात

आमचे सांगलीचे घरमालक, मेजर, कोणतंही घर दारातल्या चपलांवरून जोखत. भिंतींचा रंग, पुढे लावलेली गाडी, गॅलरीतल्या कुंड्या यांकडे त्यांचं लक्ष जात नसे. रस्त्यानं चालता चालता ते एखाद्या फाटकाशी थांबत, मान लांब करून पायरीकडे बघत आणि म्हणत, "घर चांगलं हाय. चपला लय हायती." नाहीतर तोंड वाकडं करून, "एवढा मोठा बंगला आन् चपलांचं दोन जोड. काय उपेग?"

त्यांच्या स्वतःच्या पायरीवर दिवसभर चपला असायच्या. पोस्टमन, दूधवाला, शेजारचे पेन्शनर, रस्ता विचारायला थांबलेला माणूस, कुणालाही ते आत ओढत. माणसं आत चहा पीत बसली की मेजर बाहेर येऊन त्यांच्या चपला ओळीत लावत. टाचा भिंतीकडे, अंगठे रस्त्याकडे, दोन जोडांत सारखं अंतर. शेवटी दोन पावलं मागे सरून त्या रांगेकडे बघत. पलटणीची पाहणी करावी तसे.

मेजर म्हणजे खरं तर हवालदार. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगून टाकलं. "आमच्याकडं फौजेतनं घरी आला की मेजरच. सरकारनं न्हाई दिलं, गावानं दिलं." गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या पलीकडचं. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी सांगलीत घर बांधलं. मुलं शिकून पुण्या-बंगळुरूकडे गेली आणि वरच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. रिकाम्या खोल्या म्हणजे कमी चपला. म्हणून त्यांनी त्या कॉलेजच्या मुलींना भाड्यानं दिल्या.

आम्हाला ते नावानं हाक मारत नसत. फौजेची सवय असावी, माणूस ज्या मुलखातून आला तेच त्याचं नाव. एक होती आटपाडी, एक जत. मी मस्कत.

"ए मस्कत, खाली ये. आटपाडीला बी आण. जत झोपली आसंल तर उठीव."

मी खरोखरच मस्कतची. तिथेच जन्मले, तिथल्याच इंग्रजी शाळेत बारावीपर्यंत शिकले. बाबा मूळचे साताऱ्याचे, पण साताऱ्यात आता आमचं कुणी राहत नाही. मराठी येत होतं ते घरातलं, चार भिंतींपुरतं. फिजिओथेरपीला प्रवेश घ्यायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "निदान शिक्षण तरी आपल्याकडं होऊ दे." त्यांच्यासाठी सांगली 'आपल्याकडं' होती. माझ्यासाठी ते परदेशातलं एक शहर होतं. तिथे रस्ता कसा ओलांडायचा हेही मला कळत नव्हतं. दुकानात भडंग घ्यायला गेले तरी दुकानदार विचारायचा, "कुठली गं तू? कुणाकडं उतरलीस?" मी उत्तर न देता पुडी उचलून निघून यायची. मला वाटायचं, याला काय करायचंय?

निघताना बाबांनी एक सोय ठेवली होती. "वर्षभर राहून बघ. नाहीच जमलं तर सांग, परीक्षा झाली की तिकीट काढतो. इथलं कॉलेज बघू." दिवाळीपर्यंत माझं मनातल्या मनात ठरून गेलं होतं की हे सांगायचं. फक्त तारीख ठरायची होती.

मी कुणाशी भांडले नव्हते, कुणी मला त्रास दिला नव्हता. कॉलेजला जायचं, परत यायचं, खोलीचं दार लावून घ्यायचं. एवढंच. आटपाडीच्या खोलीत तिच्या मामेबहिणी, मैत्रिणी, मैत्रिणींच्या मैत्रिणी येऊन पडलेल्या असत. जतकडे दर शनिवारी तिचे भाऊ भाकरी-चटणी घेऊन येत. माझ्या दाराबाहेर माझ्या सँडल्स. बस्स.

एके सकाळी दार उघडलं तर माझ्या सँडल्सशेजारी बुटांचा एक जोड होता. काळे, जाडजूड, नडगीपर्यंत येणारे फौजी बूट. नाडी आवळलेली, पॉलिश असं की त्यात जिन्याची खिडकी दिसत होती. मी घाबरून खाली पळाले.

"मेजर, तुमचे बूट वर राहिलेत."

"ऱ्हायले न्हाईत. ठेवलेत."

"का?"

"रोज बघतोय, तुझ्या दारात एकच जोड. बरं दिसत न्हाई. वर आलेलं माणूस म्हणंल, पोरगी एकटी हाय. आता म्हणंल, हाय बाबा कोणतरी संगं."

मेजरांच्या पत्नी, काकी, आतून ओरडल्या, "आवं, पोरीच्या दारात गड्यामाणसाचं बूट! लोक काय म्हणतील?"

"म्हणाय तरी लोक आलं पायजेत न्हवं? यिऊं द्यात की!"

ते बूट तिथेच राहिले. दर रविवारी सकाळी मेजर जिना चढून येत, पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत आणि जाताना माझ्या सँडल्सवरूनही एक फडका मारत. मला भयंकर संकोच वाटायचा. पण हळूहळू असं झालं की संध्याकाळी जिना चढताना ते दोन काळे बूट दिसले की कुणीतरी दारात वाट बघतंय असं वाटायचं. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं.

मेजरांना माणसं कशी मिळत, याची एक गोष्ट काकी नेहमी सांगत. एकदा त्यांनी गावाकडच्या गवंड्याला फोन लावला आणि तो लागला तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला. दुसरा कुणी असता तर चुकीचा नंबर म्हणून ठेवला असता. मेजर म्हणाले, "आसं व्हय? मग तुमी कोण?" त्यावरून गाव निघालं, गावावरून यंदाचा पाऊस, पावसावरून बेदाण्याची शेड, शेडवरून व्यापाऱ्याची गुडघेदुखी. पुढच्या रविवारी तो गृहस्थ बेदाण्याचं खोकं घेऊन सांगलीत हजर. तेव्हापासून तो या घरचा माणूस. त्याला खरं नाव होतं, पण या घरात कुणी वापरत नसे. काकी दारातूनच वर्दी द्यायच्या, "आवं, राँग नंबर आलं!" आणि तोही "आलो, आलो वैनी" म्हणत चपला काढायचा. मेजर तो बेदाणा कधी वाटीत घालून देत नसत. समोरच्याची मूठ उघडून तीत भरत आणि वरून ती मिटवत. "वाटीतलं माणूस ठिवून जातं," ते म्हणत, "मुठीतलं ठेवता येत न्हाई."

मला मात्र माणसं मिळत नव्हती, आणि का मिळत नाहीत हे कळलं एका कप चहावरून.

प्रॅक्टिकलला माझी जोडीदार पलूसची एक मुलगी होती. मोठ्या आवाजाची, हसरी. एकदा ती माझं जर्नल उतरवून घ्यायला खोलीवर आली. माझ्याकडे आलेली पहिलीच. मला इतका आनंद झाला होता की मी आधीच दूध आणून ठेवलं होतं.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"नको गं," ती म्हणाली.

"ओके," मी म्हणाले.

ती तासभर लिहीत बसली, मी समोर बसून राहिले, मग ती गेली. दोन दिवसांनी आटपाडी माझ्या खोलीत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं, त्या पलूसच्या पोरीला तू चहासुद्धा दिला न्हाईस?"

"मी विचारलं होतं! तीच नको म्हणाली!"

"ती सगळ्या वर्गाला सांगत सुटलीय. मस्कतवालीकडं दूध होतं, साखर होती, नुसतं तोंड बघत बसली म्हणं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रविवार होता आणि मेजर दाराबाहेर बुटांना ब्रश मारत बसले होते. त्यांनी हात थांबवला.

"मस्कत, किती येळा इचारलंस तिला?"

"एकदा."

"एकदा?" मी काहीतरी अमानुष केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आटपाडीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "अगं, पयलं नगं ही रीत आसती. दुसरं नगं ही लाज. तिसऱ्यांदा माणूस जे बोलतं ते त्येच्या मनातलं."

"आणि तिसऱ्यांदाही नको म्हणालं तर?"

खालून काकींचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू यायचं. "तर चहा टाकून मोकळं व्हायचं!"

मी पलंगावर बसून राहिले. गेल्या सगळ्या महिन्यांचा अर्थ एकदम बदलत चालला होता. "जेवून जा गं," म्हणणाऱ्या काकी. "चल की आमच्याबरोबर," म्हणणारी जत. डबा पुढे करणाऱ्या वर्गातल्या मुली. प्रत्येक वेळी मी नको म्हटलं होतं, प्रत्येकीनं पुन्हा विचारलं होतं, आणि मला वाटलं होतं, या शहरात लोकांना 'नको' ऐकूच येत नाही. तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर मात्र त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

"उद्या सकाळी अंगणात," मेजर उठत म्हणाले. "परेड हाय."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. सकाळी खाली गेले तर अंगणात एक रिकामी खुर्ची मांडलेली. जत आणि आटपाडी पायरीवर बसलेल्या, काकी दारात. मेजर फाटकाबाहेर उभे.

"मी पाव्हणा," ते ओरडले. "मला आत घे. सावधान!"

मी म्हणाले, "या ना."

"नगं, नगं. घाईत हाय."

"या ना," मी पुन्हा म्हणाले.

"न्हाई पोरी, फुडं लय काम हाय."

माझा धीर सुटला. "बरं, मग पुढच्या वेळी या."

"फेल!" मेजर गरजले. जत हसून आडवी झाली. "पाव्हणा गेला बघ. आता शेजारणीकडं चहा पील आन् तुझी बदनामी करंल. परत!"

पुन्हा फाटक, पुन्हा पाव्हणा. या वेळी मी त्यांना आतपर्यंत आणलं, पण खुर्चीवर बसवायचं राहिलं. फेल. मग बसवलं, पण चहा हवा का असं विचारलं. "हवा का म्हणू नगस! 'टाकलाय' म्हण. न्हाई टाकला तरी टाकलाय म्हण." मी म्हटलं, हे खोटं झालं. काकी म्हणाल्या, "खोटं कशानं? तू म्हण, तवर मी टाकती."

आटपाडीनं मला हात धरायला शिकवलं. मनगट नाही, कोपराच्या वर, आणि ओढायचं नाही, नुसतं सोडायचं नाही. मी आजवर कुणाचा हात असा धरला नव्हता. आठवडाभर ही परेड चालली. रस्त्यानं जाणारे थांबून बघत, आणि अर्थातच मेजर त्यांनाही आत घेत. शेवटी तर अंगणात बघ्यांचाच चहा चालायचा आणि मी कडेला उभी राहून "या ना, टाकलाय" घोकत असायची.

चैत्रात त्यांच्या गावची जत्रा. खाऱ्या दिवशी, म्हणजे मटणाच्या जेवणाच्या दिवशी, गावात प्रत्येक घराची प्रतिष्ठा पाव्हण्यांवर ठरते. आपला पाव्हणा, त्याचा दोस्त, दोस्ताचा मेहुणा, सगळे चालतात. घरधनी निम्म्यांना ओळखतही नसतो. मेजरांच्या गावातल्या घरासमोरच चुलतभावाचं घर होतं आणि गेल्या साली त्याच्या दारात जास्त चपला होत्या. हे शल्य मेजरांनी वर्षभर जपलं होतं.

"प्रत्येकीनं आपापलं पाव्हणं आणायचं," त्यांनी जाहीर केलं.

मी विचारलं, "किती आणायचे?"

जतनं डोक्याला हात लावला. मेजर हळू आवाजात म्हणाले, "किती? मस्कत, पाव्हणं मोजून आणत्यात व्हय?"

मी वर्गाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. सभ्य इंग्रजीत, गुरुवारपर्यंत कळवा अशी विनंती करून. सगळ्यांनी अंगठे दाखवले. कुणी येतो म्हटलं नाही. त्या रात्री मी मनाशी पक्कं केलं. जत्रेला माझं म्हणून एकही माणूस आलं नाही, तर त्याच दिवशी बाबांना तिकीट काढायला सांगायचं. आणखी काय बघायचं राहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पलूसची मुलगी समोर होती. तिच्याशी मी चहाच्या प्रकरणानंतर नीट बोलले नव्हते.

"आमच्या मेजरांच्या गावी जत्रा आहे," मी म्हणाले. "येशील?"

"नको गं, सबमिशन आहे."

'ओके' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "ये ना. मटण आहे."

"बघते."

मी टेबलावरून हात पुढे केला आणि तिचा हात धरला. कोपराच्या वर. "बघते नाही. तू आली नाहीस तर मी जेवणार नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग इतकी मोठ्यानं हसली की कँटीनवाल्यानं मान वळवली. "अगं बया, तुला आग्रह करता येतो?"

"शिकतेय."

"मग त्या दिवशी चहा का न्हाई पाजलास?"

"तेव्हा शिकले नव्हते."

तिनं हात सोडवून घेतला नाही. "बरोबर कुणाला आणू का?"

'किती' हा शब्द माझ्या जिभेवर आला, तो मी दातांखाली दाबला. "आण. मोजू नकोस."

जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही काकींबरोबर एसटीनं गावाला गेलो. खाऱ्या दिवशी सकाळपासून घरापुढे चुली पेटल्या होत्या. गडीमाणसं मटण शिजवत होती, बायका भाकऱ्या थापत होत्या. देवळाकडून सारखा "चांगभलं!"चा गजर येत होता आणि सगळ्यांच्या कपाळावर गुलाल होता. मेजर फेटा बांधून दारात उभे राहून चपला लावत होते. आटपाडीचं अर्धं आजोळ आलं. जतचे भाऊ आले, त्यांचे मित्र आले. राँग नंबर बेदाण्याची दोन खोकी घेऊन आले, बरोबर चारपाच व्यापारी. पंगती उठत होत्या, बसत होत्या. माझं कुणी नव्हतं. पलूसच्या मुलीचा फोन लागत नव्हता.

उन्हं कलायला लागली तशी मी हळूच निघाले आणि गावाच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. बघितलं तर मेजर.

"कुणाची वाट बघतीस?"

"कुणाची नाही."

"मी बी," ते म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

एक ट्रॅक्टर गेला. एक एसटी थांबली, तिच्यातून दोन म्हाताऱ्या उतरल्या. दोघींनाही मेजरांनी जेवायला पाठवून दिलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी फोन हातात घेतला आणि बाबांचा नंबर काढला.

तेवढ्यात वळणावरून वाटेत माणसं भरत येणारी एक वडाप जीप आली, मागे माणसं लोंबकळणारी, टपावर दोघं. पुढच्या सीटवरून मोठा आवाज आला, "ए मस्कत! जेवलीस का न्हाईस?"

"नाही!" मी ओरडले. आणि खरंच जेवले नव्हते.

ती उतरली, तिचा भाऊ उतरला, मावशीच्या मुली उतरल्या, वर्गातल्या पाचसहा जणी उतरल्या, ज्यांनी नुसते अंगठे दाखवले होते. ड्रायव्हरही उतरला, कारण वाटेत त्यालाही सांगून झालं होतं. शेवटी मागच्या बाजूनं टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ उतरले आणि पिशवी सावरत रस्त्याला लागले.

"हे कोण?" मी विचारलं.

"काय माहीत. म्हसवडला बसलं."

मेजर नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी त्या गृहस्थांच्या मागे गेले.

"काका, चला, जेवून जावा."

"नगं पोरी. मला फुडं जायचंय."

"जावा की, पण जेवून जावा."

"न्हाई, न्हाई, उशीर हुतोय."

मी त्यांचा हात धरला. कोपराच्या वर. ओढला नाही, नुसता सोडला नाही. "काका, ताट वाढलंय."

ते थांबले. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घराकडून येणाऱ्या रश्श्याच्या वासाकडे नाक वळवलं. "आता ताट वाढलंयच म्हणतीस तर..."

"पास!" मेजर फाट्यावरून ओरडले. "पास! पास!"

त्या दिवशी मी पलूसच्या मुलीच्या मांडीला मांडी लावून जेवले. समोरचा चुलतभाऊ दोनदा काहीतरी निमित्त काढून आमच्या दारात येऊन चपला बघून गेला. अंधार पडायच्या सुमाराला पाव्हणे निघाले तेव्हा एवढ्या गर्दीत कुणाला आपली चप्पल सापडेना. माझ्या सँडल्स तर कुणीतरी घालूनच गेलं होतं. मेजर खुशीत होते. "चप्पल बदलली म्हंजी जत्रा झाली!" मला त्यांनी उरलेल्यांतला एक जोड दिला. डावी जरा मोठी होती.

त्याच चपला घालून मी ओट्यावर बसले होते तेव्हा बाबांचा फोन आला.

"परीक्षा जवळ आली ना? काय ठरवलंस? तिकीट काढू?"

"नको."

"विचार कर. आत्ता काढलं तर बरं पडेल."

"नको, बाबा."

माझे बाबा एवढी वर्षं मस्कतला असले तरी शेवटी साताऱ्याचे. म्हणाले, "बघ हं. परत विचारतोय."

"नको."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बरं. जेवलीस काय?"

सांगलीला परतलो त्या रात्री मी दमून झोपले. सकाळी दार उघडलं तर बूट नव्हते. ते जिथे होते तिथे फरशीवर दोन स्वच्छ ठसे उरले होते, आजूबाजूला धूळ. मी खाली गेले.

"मेजर, बूट?"

ते वर्तमानपत्र वाचत होते. मान न उचलता म्हणाले, "पोस्ट उठवली."

पुढे मी त्या घरात शिक्षण संपेपर्यंत राहिले. माझ्या दारात इतक्या चपला साठायच्या की मेजर तक्रार करत, जिन्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि तक्रार करता करता त्या ओळीत लावत. पण त्यांची आठवण आली की मला दुसऱ्या वर्षाची एक दुपार आधी आठवते. समोरच्या खोलीत नाशिकची एक मुलगी राहायला आली होती. आल्यापासून तिचं दार बंद. दाराबाहेर तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि त्यांच्या शेजारी, चकचकीत पॉलिश केलेले, ओळखीचे.

मी दार वाजवलं. फटीतून एक डोळा दिसला.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"नको, थँक्यू," ती म्हणाली आणि दार लावू लागली.

"टाकलाय," मी म्हणाले. मग चपला काढल्या, मेजरांच्या बुटांशेजारी, टाचा भिंतीकडे, अंगठे रस्त्याकडे अशा नीट लावल्या, आणि आत गेले.